साहेबांच्या केबिनची किल्ली

दूध संघाचे व्यवस्थापक भोईटेसाहेब केबिनची किल्ली शिपायालाही देत नसत. झाडूसुद्धा त्यांच्या डोळ्यांसमोर फिरायचा. एकदा त्यांना ईमेलवर एक एक्सेल फाइल आली. तिच्यातला मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेला छोटा प्रोग्राम, म्हणे सगळ्या गावांच्या दुधाचा हिशेब एका क्लिकमध्ये आपोआप करणार होता. फाइल उघडताच वर धोक्याची पिवळी पट्टी आली.

"ती पट्टी घालवा आणि चालू करा," साहेबांनी हिशेब बघणाऱ्या वैजयंताबाईंना फर्मावलं.

"पाठवली कुणी, साहेब?"

"कुणी का असेना! काम होतंय ना?"

संघाचा सगळा हिशेब त्याच कॉम्प्युटरवर होता. वैजयंताबाईंचा हात काही पुढे होईना. त्या उठल्या आणि फाटकाशी टेम्पोची वाट बघणाऱ्या एका अनोळखी माणसाला आत घेऊन आल्या.

"साहेब, हे तुमची केबिन चकाचक करून देतील. फक्त आत दुसरं कुणी नको म्हणतात. किल्ली द्या."

"अहो, पण हा कोण?"

"कुणी का असेना! काम होतंय ना?"

साहेबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला तो तिथंच राहिला. त्यांनी पिवळ्या पट्टीकडे पाहिलं.

"मग मॅक्रो वापरायचाच नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

"वापरू की. आपल्या माणसाकडून लिहून घेऊ, आधी हिशेबाच्या कॉपीवर चालवून बघू. तुमच्या झाडूसारखं, साहेब. डोळ्यांसमोर."