रिकामा ओव्हन

एकदा एका गृहस्थावर मोठा आघात झाला. विश्राम त्याचे नाव. त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी एका अपघातात गेले आणि त्यांची मुलगी ऋता त्याच्या घरी राहायला आली. विश्राम आणि त्याची पत्नी शालन यांना मूल नव्हते. दोघांनी तिच्यासाठी खोली रंगवली, नवे कपडे आणले, तिला काय आवडेल याचा अंदाज बांधत राहिले. ऋता प्रत्येक गोष्टीला "थँक्यू काका, थँक्यू काकू" म्हणे आणि खोलीत जाऊन बसे. ती कधी हट्ट करीत नसे, कधी रडत नसे. दोघे मात्र सतत तिच्या चेहऱ्याकडे पाहत असत, आज तरी ती हसेल म्हणून.

तिची आई घरी पिझ्झा करीत असे, हे विश्रामला ठाऊक होते. त्याने घरातल्या बिडाच्या तव्यावर ठेवून तो ओव्हनमध्ये करून पाहिला. वरचे चीज सुरेख तांबूस झाले. खालची पोळी मात्र पांढरी, ओलसर आणि चिवट राहिली. पुढच्या वेळी त्याने चीज वाढवले, मग सॉस बदलला. ऋता दोन घास खाई, "छान झालाय" म्हणे आणि बशी बाजूला सरकवी.

अखेर तो कमलिनीबाईंकडे गेला. या वृद्ध बाईंनी आयुष्यभर पाव आणि केक भाजण्याचे वर्ग चालवले होते. सगळी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "रविवारी मीच येते. पीठ तेवढं मळून ठेव. सैलसर मळ आणि फुगू दे."

रविवारी बाई आल्या. त्यांनी पिठाला बोट लावून पाहिले, पुन्हा ओले फडके घातले आणि तोच बिडाचा जड तवा मागितला. तो त्यांनी ओव्हनमध्ये पालथा ठेवला, आच पूर्ण वाढवली, दार लावले आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

थोड्या वेळाने ओव्हनचा दिवा विझला. विश्राम लगबगीने उठला. "बाई, तापला ओव्हन. लाटू का?"

"बस."

आणखी बराच वेळ गेला. स्वयंपाकघरात उकडू लागले. "रिकामाच जळतोय हा," विश्राम कुजबुजला. "पोर भुकेली आहे." मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्याने हाक दिली, "ऋता, आज मस्त पिझ्झा होणार हं! खूश ना?"

"हो काका," आतून सौम्य उत्तर आले.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. आणखी काही वेळाने त्या उठल्या. त्यांनी पीठ हातानेच पसरले, वर सॉस, भाज्या आणि बेताचे चीज घातले आणि पोळपाटावरून पिझ्झा अलगद तव्यावर सरकवला. पाहता पाहता कडा फुगल्या. तो बाहेर काढून त्यांनी उलथन्याने उचलून दाखवला. खालून तो खरपूस भाजला होता, बोटाने वाजवला तर वाजत होता.

"पीठ तुझंच," बाई म्हणाल्या. "तुझा ओव्हन तापत होता, पण तवा गारच असे. गार तव्यावर ठेवलेली पोळी आधी तव्यालाच ऊब देत बसते. तिचा सगळा जोर त्यात खर्च होतो, मग फुगणार कशाने? आणि वरचं चीज रंगलं, की आपल्याला वाटतं, झालं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुझा भाऊ गेल्यापासून हे घरही गार पडलंय, विश्राम. ते या पोरीनं हसून तापवायचं होय?"

 भावाचे नाव त्या घरात कोणी उच्चारलेच नव्हते. पोरीला त्रास नको म्हणून, असे विश्राम स्वतःला सांगत आला होता.

सगळे जेवायला बसले. विश्रामने ऋताकडे पाहायचे टाळले आणि तो शालनला म्हणाला, "दादा एकदा आंब्याच्या झाडावरून पडला होता, सांगितलं का तुला? पडला तो थेट आजोबांच्या अंगावर!" सांगता सांगता त्याला हसू आले आणि पाठोपाठ डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत.

"बाबा नव्हते पडले," ऋता बशीत पाहत म्हणाली. "तुम्ही पडला होतात. बाबांनी मला सांगितलंय."

"मी?"

"तुम्हीच. आणि आळ बाबांवर घातलात." आणि त्या घरात ती प्रथमच रडली, मोकळेपणी, आवाज करून. शालन तिच्याजवळ सरकली. कोणीही तिला गप्प केले नाही.

बऱ्याच वेळाने ऋताने नाक पुसले आणि बशी पुढे केली. "मला अजून हवाय. पण यात कांदा का घातलाय? मला नाही आवडत."

इतक्या महिन्यांत तिने प्रथमच तोंडाने काही नाकारले होते. विश्रामने तिच्या बशीत आणखी एक तुकडा वाढला, बशी जवळ ओढली आणि तो कांद्याचा एकेक काप वेचू लागला.