हरणांसाठी पेरलेलं रान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण गावात काय झालं ते सांगणारे सांगत आले आणि ऐकणारे ऐकत आले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

गावाच्या एका अंगाला नदी होती आणि दुसऱ्या अंगाला जंगल. नदीकडे काळी कसदार शेतं होती. शेतं संपली की जंगल लागायच्या आधी एक लांबट पट्टा पडीक होता. कधीकाळी तो कुणीतरी कसला असेल, पण आता तिथे कमरेएवढं कुसळी गवत, तरवड आणि बोरीची काटेरी झुडपं माजली होती. त्यातून वाट काढत जंगलातली हरणं शेतात उतरायची.

पिकांची राखण गोजरा करायची. आधी हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर गोफण तिने हातात घेतली, त्याला आता वीस वर्षं होत आली होती. सगळं गाव तिला गोजराआत्या म्हणायचं. तिचा नेम असा, की मचाणावरून भिरकावलेला दगड बरोबर हरणाच्या पुढ्यात पडायचा, पण हरणाला लागायचा नाही. हरीण दचकून मागे फिरायचं. सुगीला प्रत्येक शेतातून तिला सूपभर धान्य मिळायचं आणि त्यावर तिचं एकटीचं वर्ष निघायचं.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने ओढ दिली. जंगलातलं गवत करपलं, पाणवठे आटले. दुसऱ्या वर्षी ज्वारी कशीबशी कणसावर आली आणि एका संध्याकाळी वीसेक हरणं शेतात शिरली. गोजराने दगड टाकले, तरी ती हलली नाहीत. तिने हाळ्या दिल्या, थाळी बडवली. शेवटी नेम धरून एक दगड मारला. तो एका हरणीच्या पुढच्या पायावर बसला. हरणी गुडघ्यावर कोसळली, धडपडत उठली, आणि पळायचं सोडून तिने मान वळवून शेजारचं कणीस तोंडात धरलं.

मचाणावरून तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. गोजराने दुसरा दगड गोफणीत घातला नाही.

त्या वर्षी निम्मं पीक गेलं. गाव चावडीवर जमलं. गावचा पाटील हा कष्टाळू माणूस होता, स्वतः नांगराला खांदा देणारा. पण त्याला कुठलीही गोष्ट रखडलेली खपत नसे.

तो म्हणाला, "आता राजाकडे निरोप धाडायचा. त्याचे शिकारी येतील, जाळी लावतील आणि सगळा कळप संपवतील. एकदाचा त्रास मिटेल."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून गोजरा उठून उभी राहिली.

"पाटील, मला एक हंगाम द्या," ती म्हणाली. "ती जनावरं उपाशी आहेत. पोटात आग असली की दगडाची भीती वाटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जंगल आणि शेतं यांच्यामधला तो पट्टा मला द्या. मी तिथे त्यांच्यापुरतं पेरते. वाटेतच पोट भरलं तर ती खाली कशाला येतील?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "आत्या, त्या काट्यांत बैल कोण घालणार? बैलाचे खूर फाटतील."

"मी बैल मागितलेच नाहीत," गोजरा म्हणाली.

पाटलाने क्षणभर विचार केला. "ठीक आहे," तो म्हणाला. "येत्या सुगीपर्यंत थांबतो. शेतात हरणं शिरली, तर मात्र मला अडवायचं नाही."

पावसाला आठ दिवस असताना गोजराने आपल्या वर्षभराच्या धान्यातून मूग, चवळी आणि राळा काढला आणि त्या उभ्या गवतात हाताने फोकून दिला. तिला वाटलं होतं, पाऊस पडला की बी आपोआप रुजेल. पण बी जमिनीपर्यंत पोचलंच नाही. काही गवताच्या पात्यांवर अडकलं, काही वाळक्या काडीकचऱ्यावर पडलं. चिमण्यांनी चार दिवस मेजवानी केली, उरलेलं मुंग्यांनी नेलं. सरी येऊन गेल्या तरी पट्ट्यात एक कोंब दिसेना. गोजराच्या घरात मुगाचं मडकं निम्मं रिकामं झालं होतं. तिने ते झाकून ठेवलं.

तरी ती रोज पट्ट्यात जायची. एके दिवशी तिला चवळीची ओळच्या ओळ उगवलेली दिसली. वाकडीतिकडी, हातभर रुंद अशी एकच ओळ. तिच्या लक्षात आलं, ही धुळा मेंढपाळाच्या मेंढरांची वाट आहे. मेंढरांनी जाता जाता गवत खाल्लं होतं, बी खुरांनी मातीत दाबलं होतं, आणि वरून मोडलेल्या गवताचं पांघरूण पडलं होतं. पाखरांना ते दिसलं नव्हतं आणि उन्हाला ते सुकवता आलं नव्हतं.

ती तशीच धुळाच्या वाड्यावर गेली. धुळा मेंढरांच्या घोळक्यात कांबळं पांघरून उभा होता.

"धुळा, तुझी मेंढरं चार दिवस माझ्या रानात बसव."

"चारा फुकट मिळतोय तर मी नाही कशाला म्हणू, आत्या? पण तुझं पेरलेलं खातील की."

"आधी चरू दे. मग मी पेरते. मग पुन्हा एकदा नुसती त्यावरून हाक."

तसंच झालं. मेंढरांनी गवत खाली आणलं. गोजराने उरलेलं बी फोकलं, मेंढरं त्यावरून एकदा इकडून तिकडे गेली, आणि जे उंच गवत उरलं ते तिने कोयत्याने कापून तिथल्या तिथे अंथरलं. मुळं जमिनीतच राहू दिली. बोरीची झुडपंही तिने काढली नाहीत. हरणांना आडोसा लागतो, हे ती इतकी वर्षं बघत आली होती.

पाटील एकदा बघायला आला. कापलेल्या गवताखाली झाकलेली जमीन पाहून त्याला राहवेना.

"आत्या, हे काय शेत झालं? हा तर उकिरडा दिसतोय. उताराकडची निम्मी बाजू मला द्या. मी माझे बैल लावतो. शेत कसं दिसतं ते तरी कळेल."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. काम नीट व्हावं एवढंच त्याला वाटत होतं. त्याने माणसं लावून झुडपं मुळासकट उपटली, नांगर फिरवला, ढेकळं फोडली, बी पेरलं. दोन दिवसांत उताराची बाजू न्हाऊन आलेल्या माणसासारखी स्वच्छ दिसू लागली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. गोजरालाही ती बाजू बघून मनात शंका आली, की आपलंच चुकलं तर नाही ना.

त्यानंतर चार दिवस पाऊस धो धो कोसळला. पाचव्या दिवशी पाटील उतारावर आला तेव्हा त्याच्या सऱ्यांचे ओघळ झाले होते. पेरलेल्या बियांसकट माती नदीत गेली होती आणि वर उघडे दगड राहिले होते. शेजारी गोजराच्या बाजूला पाणी गवताच्या मुळांत मुरलं होतं. अंथरलेलं गवत हाताने बाजूला केलं, तर खाली मुगाची दुपानं हिरवीगार उभी होती.

पाटील बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. मग उठून घरी गेला.

पीक वाढलं. आधी एक काळवीट आला. तो दोन दिवस नुसता कडेला उभा राहून हुंगत राहिला आणि तिसऱ्या दिवशी आत आला. मग माद्या आल्या, मग पाडसं. दिवस कलला की सगळा कळप पट्ट्यात उतरायचा, चवळीचा पाला खायचा आणि पोट भरलं की बोरींच्या आडोशाला टेकायचा. गोजरा मचाणावरून बघत बसायची. त्या सगळ्या दिवसांत तिने गोफण खांद्यावरून काढली नाही. खाली शेतात ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर गेली, कणसं भरली, आणि कितीतरी वर्षांनी एकाही कणसाला तोंड लागलेलं नव्हतं.

गावात आनंद होता. पाटलालाही आनंद होता. पण त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. इतकी वर्षं जो कळप कधी एका जागी सापडला नाही, तो आता रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी येत होता.

ज्वारी कापणीला चार दिवस उरले असताना, ऊन उतरायच्या सुमाराला पाटील दहा-बारा माणसं घेऊन पट्ट्याच्या कडेला आला. त्यांच्याकडे धनुष्यं होती. जंगलाच्या बाजूला माणसांनी दुपारीच गवताआड जाळी पसरून ठेवली होती आणि कळप आत उतरल्यावर ती मागून उभी केली होती. कळप नुकताच चरायला लागला होता.

गोजरा मचाणावरून उतरून आडवी आली.

"पाटील, हे काय?"

"आत्या, बाजूला व्हा. अशी संधी परत यायची नाही. आज हा कळप संपला, तर पुढच्या वर्षी पेरायचीसुद्धा गरज नाही."

"पण यंदा त्यांनी एक कणीस तरी खाल्लंय का?"

"यंदा नाही खाल्लं. उद्याचं कोण सांगणार?"

"मी त्यांना इथे बोलावलं, पाटील. पानावर बसलेल्याला कुणी मारतं का?"

"ती जनावरं आहेत, आत्या. त्यांना पान आणि पंगत काय कळणार?"

"त्यांना एवढंच कळतं, की इथे दगड येत नाही," गोजरा म्हणाली. "ते कळायला त्यांना तीन महिने लागले. विसरायला एक क्षण लागेल."

पाटलाने मान फिरवली आणि हात वर केला. बाण सुटले.

एक पाडस जागीच पडलं. बाकीचा कळप उधळला आणि जंगलाकडे धावला, पण तिथे जाळी होती. पुढची हरणं जाळीला धडकून मागे फिरली. माणसं दोन्ही अंगांनी ओरडत होती. मोकळी बाजू एकच राहिली होती, ती शेतांची. सगळा कळप, भेदरलेला, एकावर एक उड्या टाकत, पिकलेल्या ज्वारीत घुसला. जंगलाची वाट शोधत तो या बांधावरून त्या बांधावर धावत सुटला. माणसं त्याच्यामागे धावली, त्यांनीही ज्वारीची ताटं तुडवली. दिवस मावळायच्या आत नदीपर्यंतची शेतं आडवी झाली होती. दुष्काळातल्या उपाशी हरणांनी जेवढं खाल्लं नव्हतं, तेवढं त्या एका संध्याकाळी पायाखाली गेलं.

हाती आलं ते एक पाडस. ते कुणी खाल्लं नाही. गोजराने पट्ट्याच्या कडेला खड्डा खणून त्याला पुरलं, आणि खणायला पाटलानेच तिला हात दिला.

त्या हिवाळ्यात पट्ट्यातली चवळी तशीच वाळून गेली. हरणं तिकडे फिरकली नाहीत. ती आता एकटी-दुकटी, कधी नदीकडून तर कधी गावामागून यायची आणि चोरासारखी खाऊन जायची. राखण करायला गोजरा एकटी पुरेना. प्रत्येक घराला आपापला माणूस शेतावर बसवावा लागला.

उन्हाळ्याच्या शेवटी पाटील गोजराच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत या की," ती म्हणाली.

"आत्या, ते रान परत तसं होईल का?"

"जमीन होईल," गोजरा म्हणाली. "जनावराचं मला सांगता येत नाही."

त्या वर्षी पाटील स्वतः कोयता घेऊन पट्ट्यात आला. ओघळांत त्याने दगडांचे बांध घातले आणि त्यामागे साठेल तेवढी माती साठू दिली. धुळाच्या मेंढरांमागे तो अनवाणी चालला, बी त्याच्या पोत्यातलं होतं. नांगराचं नाव त्याने काढलं नाही. पहिल्या वर्षी हरणं आली नाहीत. दुसऱ्या वर्षी एक-दोन वेळा मातीत खुरांचे ठसे दिसले. लोक म्हणाले, कशाला हे करताय. पाटील म्हणाला, मोडलं मी, तेव्हा वाट बघत बसायचं कामही माझंच.

तिसऱ्या वर्षी, ज्वारीची कणसं निसवून बाहेर पडत असताना, पाटील बांधाचे दगड सारखे करत होता. मान वर केली तर वीस हातांवर एक हरणी उभी होती. तिच्यामागे झुडपात आणखी कान हलत होते. हातातला दगड खाली ठेवला तर आवाज होईल, म्हणून पाटील तो तसाच धरून, वाकलेला, कितीतरी वेळ उभा राहिला. हरणीने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि चवळीचा शेंडा खुडला.

त्या सुगीला गावाची ज्वारी पुन्हा अख्खी घरी आली, आणि त्यानंतर त्या पट्ट्यात ना कधी नांगर फिरला, ना कधी बाण सुटला.

जमीन असो की जीव, मोडून मिळवलेलं हाती राहत नाही. धीराने जपलेलंच राहतं.