दारावरच्या बांगड्या

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. विसरलं ते बरंच झालं.

त्या गावची तालीम राज्यात नावाजलेली होती. तिथले मल्ल दरवर्षी राजाची मानाची गदा जिंकून आणत. त्यामुळे तालमीच्या वस्तादाला गाव डोक्यावर घेऊन नाचे. गावात एक रीत होती. जो मुलगा तालीम मधेच सोडी, त्याच्या घराच्या दारावर हिरव्या बांगड्यांची माळ टांगायची. भित्रा म्हणून. मग सगळं गाव येता-जाता हसत असे. मोठं शहाणं गाव!

असाच एक मुलगा दहाव्या वर्षी तालमीतून पळाला. दारावर माळ लागली. बापाने महिनाभर अबोला धरला. पुढे तो मुलगा विणकर झाला. आपल्या आळीतली लहान पोरं आता तालमीत घालणार, असं त्याने ऐकलं आणि तो थेट चावडीवर गेला.

"पाटील, ती पोरं तिथं पाठवू नका," तो म्हणाला. "वस्ताद मालिशच्या निमित्तानं मुलांना कोठीत नेतो आणि नको ते करतो. माझ्याशीही केलं."

"मग गदा कोण आणणार?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

पाटलांनी विचारलं, "वीस वर्षं गप्प का बसलास?"

"गप्प कुठं बसलो? पळून आलो, तेच माझं सांगणं होतं. दहा वर्षांचं पोर आणखी काय सांगणार? तुम्ही माझ्या दाराला बांगड्या बांधल्यात."

तेवढ्यात म्हातारी कासारीण उठली. "त्या माळा माझ्याकडूनच नेत," ती म्हणाली. "याचं सोडून आणखी अकरा घरं आहेत. मी दाखवते."

पंच घरोघर गेले. वेगवेगळ्या घरांतल्या नऊ जणांनी विणकराचीच हकिकत सांगितली. दहाव्याने दार उघडलं नाही. त्या संध्याकाळी वस्तादाच्या हातात बेड्या पडल्या आणि आळीतली पोरं वाचली.

अकरावं घर पाटलांचंच होतं. आपल्या घराला सूट नको, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने दारावर माळ बांधली होती. त्यांचा मुलगा त्यानंतर वर्षभराने घर सोडून गेला होता.

पाटील त्याला शोधत गावोगाव हिंडले. शेवटी एका दूरच्या गावी तो सापडला. त्याने बापाला ओळखलं, बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. पाटलांनी त्याचे पाय धरले आणि माफी मागितली. मुलाने त्यांना उठवलं. त्याला राग आला नाही, आणि तेच पाटलांना सोसलं नाही.

"तेव्हा एकदा जवळ घेऊन विचारलं असतं, तर मी सगळं सांगितलं असतं, बाबा," तो म्हणाला. आणि गावी परतायला त्याने नकार दिला.

यातून घ्यायचं ते एवढंच: पळून आलेल्या मुलाला भित्रा म्हणण्याआधी, तो कशापासून पळाला ते विचारावं.