घरच्या माणसाचा निरोप

“दुसऱ्याच्या कष्टांवर आपुलकीचं पांघरूण घालून पैसे बुडवणारे लोक चोरच!” हे वाक्य मी रिक्षात पाठ केलं होतं. कर्णिकांचा मुलगा शाळेत जाऊ लागला, तशी त्याला जन्मापासून सांभाळणाऱ्या शेवंतामावशींची नोकरी संपली. निरोपाला मिळाले खण आणि नारळ. नवं काम मिळेपर्यंत खायचं काय?

घरकामगार संघटनेतर्फे मावशींना सोबत घेऊन मी कर्णिकांचं घर गाठलं आणि तीन महिन्यांच्या पगारासाठी त्यांच्यापुढे जोरदार भाषण ठोकलं. मिळालं कोकम सरबत. मी ते प्यायलोही.

“अहो, मावशी घरच्याच,” कर्णिक हसले. “घरच्यांना कसले पैसे?”

मी कायद्याचं कलम आठवत होतो, तोवर मावशी म्हणाल्या, “खरंय साहेब. घरच्यांना पगार नसतो, वाटणी असते. माझी तेवढी काढून द्या.”

कर्णिकांचं हसू मावळलं. आतून त्यांचे वडील ओरडले, “अरे, पगार देऊन मोकळा हो! वाटणी मागायला तुम्ही दोघे भाऊ पुरे आहात.”