पाटलेची रिकामी थाळी

फार जुन्या काळी शीतोदा नदीच्या काठी इंदुवती नावाची नगरी होती. तिथे दृढवर्मा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका साध्या घरात जन्मला होता. शिकून, चाकरी करून, केस पिकेपर्यंत खपून तो राजाचा अमात्य झाला. त्याचे नाव सुनंद. राजकोशातून कोणत्या कामाला किती द्यायचे, हे राजा त्याला विचारून ठरवी.

त्या नगरीत एक रीत होती. माघ पौर्णिमेला, उन्हाळा तापण्याआधी, कोशातून पैसा किंवा धान्य घेणारा प्रत्येक अधिकारी आपल्या वर्षभराच्या कामाचे फळ काशाच्या थाळीत घालून राजापुढे मांडी. ज्याची थाळी भरलेली, त्याला पुढच्या वर्षी हात सैल सोडून मिळे. ज्याची रिकामी, त्याचे निम्मे होई. थाळ्यांतला दहावा वाटा अमात्याच्या घरी जाई. रीत डोळ्यांना दिसणारी होती, समजायला सोपी होती आणि राजाच्या आजोबांपासून चालत आली होती. तिच्यात काही चुकत असेल असे कुणाच्या मनातही येत नसे.

चुकत होते ते दूर शिलागिरीवर. त्या डोंगराच्या रानात शीतोदा उगम पावे. तिथले राखणदार उन्हाळ्याआधी गवत कापून जाळरेषा काढीत, म्हणजे वणवा लागला तरी तो रेषेपाशी अडे. झऱ्यांच्या तोंडाशी गुरे जाऊ देत नसत. ओढ्यांत दगडांचे लहान बांध रचून पाणी जिरवीत. चाळीस माणसे हे काम करीत आणि त्यातून थाळीत घालण्यासारखे काहीही निघत नसे. गेल्या वर्षी म्हाताऱ्या वनपालाने राजापुढे रिकामी थाळी ठेवली आणि रीतीप्रमाणे धान्य निम्मे झाले. वीस माणसे डोंगर सोडून नगरात दगड वाहायला गेली. त्या वैशाखात दक्षिणेकडचा उतार जळाला. तीन झरे आटले. पावसाळ्यात वनपाल वारला आणि काम त्याच्या मुलीकडे, पाटलेकडे आले.

यंदाचा माघ उजाडला तेव्हा पाटलेची मुलगी सहा महिन्यांची होती. नाव शामा. उरलेल्या वीस राखणदारांनी पाटलेला स्पष्ट सांगितले होते, "ताई, आठ दिवसांत धान्य वर आले नाही तर आम्हीही निघालो. आमच्याही घरी पोरे आहेत." त्यांचे चुकते आहे असे तिला म्हणता येईना. गवत वाळू लागले होते, म्हणून तिचा नवरा तिष्य रेषेवर थांबला आणि पाटला मुलीला घेऊन एकटीच नगरीला निघाली.

वाटेत तिने शामाला आधी पाठीशी बांधले. मग तोंड दिसत नाही म्हणून पुढे बांधले. मग उन्हाची तिरीप लागते म्हणून पुन्हा पाठीशी घेतले. शामाला थोडा खोकला होता. तो वाढला तर, आणि आपण नसताना डोंगर पेटला तर, आणि राजापुढे तोंडातून शब्दच फुटला नाही तर, अशा तीन काळज्या ती आळीपाळीने करीत होती. एक संपली की दुसरी तयार असे.

नगरीच्या वेशीवर दगडी कमानीचे नवे तोरण उभे राहत होते. त्याचा अधिकारी मणिकंठ मोठा गोड बोलणारा माणूस होता. त्याने पाटलेला सावलीत बसवले, पाणी दिले आणि तिच्या गाठोड्यातून डोकावणारी रिकामी थाळी पाहिली.

"वनपालांची लेक ना तू? काय आणलंयस यंदा?"

पाटलेने थाळी गाठोड्यात खोल सरकवली.

"हे बघ बाई, मी तुझ्या भल्याचं सांगतो. मला तोरणाच्या परांचीसाठी तीनशे साग हवेत. मोठ्या झऱ्याजवळचे चांगले सरळ आहेत. तू हो म्हण, मी तुझी थाळी चांदीच्या फुलांनी भरून देतो. तुझी माणसं पोटभर जेवतील. एवढ्या रानात तीनशे झाडं कोण शोधायला जातंय?"

पाटला हो म्हणाली नाही, पण तिला नाहीही म्हणवेना. माणसे जेवली तर उरलेले रान वाचेल, असे मनाची एक बाजू म्हणे. मोठ्या झऱ्यावरची सावली गेली तर वाचवायचे काय, असे दुसरी म्हणे. ती तशीच उठली आणि विचारत विचारत अमात्याच्या घरी गेली.

सुनंद अंगणात तुळशीला पाणी घालीत होता. त्याने तिचे सगळे ऐकून घेतले, मधे एकदाही तोडले नाही.

"तुला काय वाटतं, मुली?" त्याने विचारले.

"आर्य, मला काय विचारता! ही झाल्यापासून पेजेत मीठ घातलं की नाही हेही मला आठवत नाही. दोनदा घालते, नाहीतर घालतच नाही."

"पण झऱ्याजवळचे साग तोडायला तू हो म्हणाली नाहीस."

"हो म्हणवलंच नाही."

"मग मिठाचं राहू दे. उद्या थाळी घासून स्वच्छ कर आणि रिकामीच आण."

"हसतील सगळे."

"हसतील," सुनंद म्हणाला. "त्याला आपण काय करणार? तुला कुणी काही विचारलं तर खरं असेल ते सांग. बाकी मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दरबारात थाळ्यांची ओळ लागली. उद्यानपालाने आंब्याचा मोहोर आणि डाळिंबे आणली होती. हत्तीशाळेच्या प्रमुखाने त्या वर्षी जन्मलेल्या दोन पिलांच्या गळ्यातल्या घंटा ठेवल्या होत्या. मणिकंठाच्या थाळीत तोरणाची सोन्याची लहान प्रतिकृती होती. ती बघायला लोक माना उंचावीत होते. शेवटी पाटलेची थाळी आली. ती इतकी स्वच्छ होती की तिच्यात छताचे रंग दिसत होते.

"घासलीय मात्र छान हो!" मणिकंठ म्हणाला आणि दरबार हसला.

राजा हसला नाही, पण त्याने हात हलवला. "रीतीप्रमाणे निम्मे करा."

निम्म्याचे निम्मे म्हणजे दहा माणसे.

तेव्हा सुनंद उभा राहिला. "महाराज, मी माझा दहावा वाटा घेण्याआधी मला एक विचारायचं आहे. कोणती थाळी कशाने भरली?"

"विचार," राजा म्हणाला.

सुनंद उद्यानपालापाशी गेला. "हा मोहोर कशाने आला?"

"खत आहे, मेहनत आहे... पाणी आहे."

"पाणी कुठून येतं?"

"पाटातून. पाटात नदीतून."

"आणि नदीत?"

उद्यानपालाने पाटलेकडे पाहिले आणि डोके खाजवले.

"तर मग तुझी थाळी तिच्या थाळीच्या मागे ठेव. ती आधी, मग तू."

हत्तीशाळेचा प्रमुख विचारण्याची वाट न पाहताच उठला. "आमची जनावरं त्याच पाण्यात डुंबतात आणि बांबू तिथलाच खातात. सरकवतो." त्याने थाळी सरकवली तशा घंटा वाजल्या. एकेक थाळी फरशीवर खरखरत मागे जाऊ लागली. मणिकंठाची तेवढी जागीच राहिली.

"माझं सोनं समुद्रापलीकडून आलंय, अमात्य. त्याला तुमच्या डोंगराची गरज नाही."

"ते वितळवलं कशावर?"

"भट्टीवर."

"भट्टीत काय होतं?"

"कोळसा... डोंगरातल्याच लाकडाचा," मणिकंठ हळूच म्हणाला. मागून कुणीतरी फिसकन हसले. "आणि तोरणाचा चुना भिजवायला पाणी लागतं, हे तुम्ही विचारणारच आहात," असे पुटपुटत त्याने स्वतःच थाळी उचलून मागे नेली.

राजा सिंहासनावर पुढे झुकला होता. तो पाटलेला म्हणाला, "एवढं मला पटलं. पण मणिकंठाला दिलं तर मला तोरण दिसेल. तुला दिलं तर पुढच्या वर्षी मला काय दिसेल?"

पाटलेने रात्रभर चार वाक्ये घोकली होती. त्यांतले एकही आठवेना. पाठीवर शामा खोकली, तशी तिने गाठ सोडून तिला पुढे घेतले आणि थोपटता थोपटता बोलली.

"काहीच नाही, महाराज."

दरबारात कुजबुज झाली.

"ही माझी मुलगी. मी दिवसभर हिच्यामागे असते. संध्याकाळी हिचे वडील विचारतात, आज काय केलंस? मला काही सांगता येत नाही. ही चुलीत पडली नाही, हिला मुंग्या चावल्या नाहीत, उपाशी झोपली नाही. झालं, एवढंच. डोंगराचं तसंच आहे. गेल्या वर्षी तुम्ही आमचं निम्मं केलंत, तेव्हा दाखवण्यासारखं घडलं. अख्खा उतार जळाला. ती राख थाळीत घालून आणता आली असती, पण माझ्याने ती उचलवली नाही. काही घडू नये म्हणून मी मागतेय, महाराज."

कुणी हसले नाही. सुनंदाने आपले अमात्यपदाचे कडे हातातून काढून राजापुढे ठेवले. "थाळ्यांतला माझा वाटा आजपासून शिलागिरीच्या धान्यात जाऊ दे. मी घेत राहिलो तर भरलेली थाळीच मला बरी दिसणार, आणि माझा सल्ला वाकडा होणार. एवढं करूनही मी चुकीचं सांगतोय असं वाटलं, तर हे कडं ठेवून घ्या."

राजाने ते कडे बराच वेळ हातात फिरवले. मग सुनंदाला परत दिले.

"ज्या थाळीच्या मागे बाकीच्या सगळ्या लागतात, तिचा वाटा यापुढे थाळ्या मांडण्याआधीच काढून ठेवा," तो म्हणाला. "चाळीस माणसांचं वर्षभराचं धान्य आजच वर पाठवा. तोरण थांबेल. दगड वाहणाऱ्यांपैकी ज्यांना डोंगरावर परत जायचं आहे, त्यांना गाड्यांबरोबर जाऊ दे."

गाड्या दुपारीच निघाल्या. पाटलेलाही जायचे होते, पण शामाचा खोकला ऐकून सुनंदाच्या पत्नीने तिला दोन दिवस ठेवून घेतले. वैद्याने मुलीला तीनदा तपासले, कारण पाटलेने तीनदा विचारले. "सर्दी आहे, बाई," तिसऱ्यांदा तो हात जोडून म्हणाला. "नुसती सर्दी."

तिसऱ्या दिवशी ऊन उतरत असताना ती शिलागिरीच्या पायथ्याशी पोचली. वर पाहिले तर रानातून धूर उठत होता. एका जागी नाही, पाच-सहा जागी. शामाला छातीशी धरून ती पायवाटेने पळत सुटली. काटे लागले, वहाण तुटली, पण ती थांबली नाही. उशीर झाला, दोन दिवस राहायलाच नको होते, असे मनात एकसारखे चालले होते.

पठारावर येऊन ती उभी राहिली. समोर सहा चुली पेटल्या होत्या आणि प्रत्येकीवर मोठा हंडा होता. गेलेली वीस माणसे आणि राहिलेली वीस एका ओळीत पानांच्या पत्रावळी मांडीत होती. तिष्य हातात पळी घेऊन पुढे आला.

"अगं, धावतेस काय अशी?"

"धूर दिसला!"

"चाळीस माणसांचा भात शिजतोय. बिनधुराचा कसा शिजवू?"

पाटला मटकन खाली बसली. तिला हसू आले आणि रडूही आले. शामाला तेवढ्यात भूक लागली, म्हणून दोन्ही अर्ध्यावर राहिले.

विहारातल्या विहीर राखणाऱ्या भिक्षूविषयी त्या सकाळी एकाने हेटाळणीने विचारले होते, म्हणून तथागतांनी जमलेल्या भिक्षू आणि उपासकांना ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळचा राजा दृढवर्मा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. डोंगरावर थांबलेला तिष्य म्हणजे विहारातली विहीर राखणारा तो भिक्षू. आज सकाळी ज्याने विचारले की तो भाऊ दिवसभर करतो तरी काय, तो मणिकंठ. तेव्हाही तो थाळी उचलून मागे गेला होता, आताही जाईल. पाटला म्हणजे मागच्या रांगेतली ती उपासिका, जिला लेकराला थोपटता थोपटता ही कथा निम्मीच ऐकू आली. तिला उरलेली कुणीतरी सांगा. सुनंद अमात्य मीच होतो. डोळ्यांना न दिसणारे ओळखायचे आणि आपला वाटा सोडून त्याच्या बाजूने उभे राहायचे, ही प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, मी त्या जन्मी आचरली."