पेडवीच्या बंधाऱ्यातली वाट

पेडवी नदीवरचा आमचा बंधारा पाहायला येणारी शिकलेली माणसं पहिल्यांदा हसतात, मग विचारतात. एवढे दगड रचायचे, लव्हाळ्याच्या पेंड्या ठासायच्या, चिकण माती लिंपायची आणि मधोमध तीन हात जागा उघडी सोडून पाणी वाहून जाऊ द्यायचं, हा कसला शहाणपणा? वर त्या फटीत भाताच्या पेंढ्याची जाडजूड वेणी सोडलेली, तिचं एक टोक वरच्या पाण्यात, एक खालच्या. तुम्हीही तेच विचारणार, म्हणून आधीच सांगते. बसा त्या दगडावर. ओला आहे, पण उन्हाने तापलेला आहे.

ही गोष्ट किती पिढ्यांपूर्वीची ते कुणाला सांगता येत नाही. त्या वेळी या करंबळे गावात आवडी नावाची एक बाई राहत होती. नवरा गलबतावर गेला तो परतला नाही, मूलबाळ नव्हतं. घर एकटं, चूल एकटी. पण तिला माहेर होतं. नदीने वर चालत गेलं की दीड प्रहरावर उंबरकोंड नावाची दहा-बारा घरांची वाडी होती. जमीन खडकाळ, नाचणीसुद्धा धड होत नसे. वाडी जगायची ती नदीतल्या कोंडींवर, म्हणजे खोल डोहांवर. कोंडीत बोटबोट लांब कोळंबी असायची, तिला आमच्याकडे सुंगटं म्हणतात. ताजी खायची, वाळवायची, बाजारात देऊन भात आणायचं. दर भाऊबीजेला आवडीचा भाऊ धाकू सुंगटांची टोपली डोक्यावर घेऊन खाली यायचा. वर्षात तिच्या दारात येणारं माणूस ते एवढंच, असं सांगतात.

बंधारा तेव्हाही होता. पावसाळ्यात तो वाहून जायचा, म्हणून दर दिवाळीनंतर गाव जमायचं आणि ज्याच्या त्याच्या वाटणीचे हात ज्याने त्याने बांधायचे. आवडीच्या वाटणीला मधले तीन हात होते. जुना बंधारा कुठेकुठे पाझरायचा, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण आवडीच्या हाताला गुण होता. तिने लिंपलेल्या जागेतून थेंब सुटायचा नाही. गावकराने, म्हणजे गावच्या मुख्याने, ते पाहिलं आणि एका वर्षी सगळा बंधारा तिच्याकडूनच लिंपून घेतला. त्या साली वायंगणी, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात लावलेलं भात असं पिकलं की गावाने तिला लुगडं नेसवलं. एकट्या बाईला गावात मान मिळाला. तिला फार बरं वाटलं असणार, मला तरी वाटलं असतं. पुढच्या वर्षी तिने आणखी मन लावून लिंपलं.

त्या भाऊबीजेला धाकूची टोपली अर्धीच होती. त्याच्या पुढच्या वर्षी तळाला चार सुंगटं, तीही म्हातारी, शेवाळ धरलेली. तिसऱ्या वर्षी तो शेवग्याच्या शेंगा घेऊन आला आणि ओसरीवर मान खाली घालून बसला.

"बाये, कोंडीत एक सुंगट उरूक नाय," तो म्हणाला. "पोरांच्या पानात काय वाढूचा? शिमग्यापर्यंत वाट बघतव. सुंगटा इली तर ऱ्हवतव. नायतर सगळी वाडी घाटार जातली."

घाटावर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आवडीने त्याला जेवू घातलं, ओवाळलं, आणि तो वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली. माहेर उठलं तर या जगात आपलं म्हणायला काही उरणार नाही, हे तिला तिथेच कळलं. देवाला कौल लावला, नारळ ठेवला. सुंगटं कुणी नेली, ते मात्र देवाने सांगितलं नाही.

त्या वर्षीचाही बंधारा झाला. रोज पहाटे तो फिरून पाहायचा आणि कुठे पाझर दिसला तर बुजवायचा, हे तिचं कामच झालं होतं. अशाच एका पहाटे तिला दगडांच्या सांध्यात बारीकसा पाझर दिसला. सवयीने तिने मातीचा गोळा दाबला आणि पाणी थांबलं. उजाडलं तसं तिला त्या दगडावर काहीतरी हलताना दिसलं. वाकून पाहिलं तर नखाएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी सुंगटांची पिल्लं. पाझराच्या ओलीला धरून ती एकामागे एक वर चढत होती. ओल तुटली तशी ती जागीच थांबली, काही खाली पडली, आणि वर राहिलेली तिच्या डोळ्यांदेखत पांढरी होत गेली. तिने खाली पाहिलं. बंधाऱ्याच्या पायाशी सगळं पाणी त्यांनी भरलेलं होतं आणि मासे त्यांच्यावर तुटून पडले होते.

लहानपणी उंबरकोंडात तिने पाहिलं होतं, आषाढाच्या पुरात पोटाशी अंडी धरलेल्या सुंगटांच्या माद्या खाली वाहत जायच्या. म्हातारी माणसं म्हणायची, त्या बाळंतपणाला खाऱ्या पाण्याकडे, खाडीत जातात. पुढे पिल्लांचं काय होतं ते कुणी कधी विचारलं नव्हतं. ती पिल्लं परत घरी येत होती, दर वर्षी, याच वाटेने, आणि तीन वर्षं आवडीने आपल्या हाताने ती वाट लिंपून टाकली होती. आपलं माहेर आपणच उपाशी मारलं, असं म्हणून ती त्या दगडावर बसून रडली म्हणे.

मग उठून गावकराकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, पण हसला.

"तुझ्या माहेरासाठी गावान उपाशी ऱ्हवाचा?" त्याने विचारलं. "वायंगण सुकला तर कोणाकडे जावचा?"

"बांध माझ्या वाटणीचो," आवडी म्हणाली. "तीन हात माझे. ते मी उघडतंय."

आणि तिने उघडले. स्वतः रचलेले दगड स्वतः काढले, पाणी खळाळून खाली आलं. पिल्लांना प्रवाहात पाय रोवता येईनात, तेव्हा घरातला पेंढा आणून तिने वेणी वळली आणि फटीत सोडली. त्या वेणीवरून ती मुंग्यांसारखी वर गेली. गावाने तिच्याशी बोलणं तोडलं. विस्तव द्यायचा नाही, निरोप न्यायचा नाही, असं ठरलं. तिची पाठ वळली की फट बुजवायची, हेही ठरलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. म्हणून ती तिथून हललीच नाही. पौष गेला, माघ गेला. फटीच्या कडेला झावळ्यांचं खोपटं घालून ती बसून राहिली. भावाला सांगायचं होतं, थांब, येताहेत, पण सांगायला जावं तर वाट बंद होणार आणि निरोप न्यायला कुणी नाही. तुम्ही सांगा, तिने काय करायचं होतं? मी पुष्कळ वेळा विचार केला आहे.

फाल्गुनात वेणीवरची वर्दळ आटली. शेवटचं पिल्लू वर गेलं असं तिला वाटलं, तोवर शिमगा होऊन चार दिवस झाले होते. ती तशीच उठली आणि नदीने वर चालत सुटली.

उंबरकोंडात धूर नव्हता. कुडाची दारं बांधलेली होती, चुली राखेसकट थंड होत्या, भावाच्या अंगणात फुटकी टोपली पालथी पडली होती. तिने हाक मारली, "घरात कोण आसा काय?" कुणी ओ दिली नाही. ती कोंडीवर गेली आणि पाण्यात वाकली. कोंड भरलेली होती. हजारो पिल्लं, पण अजून नखाएवढीच आणि पाण्यासारखीच. दोन डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात तेवढेच. वाडीने शब्दाप्रमाणे शिमग्यापर्यंत वाट पाहिली होती, रोज कोंडीत डोकावून पाहिलं होतं. बोटभर सुंगट शोधणाऱ्या माणसांना ती पोरं दिसलीच नाहीत. पायाशी आलेलं अन्न न ओळखता वाडी उठून गेली.

आवडी परत आली. तिची माणसं तिला पुन्हा कधी भेटली नाहीत. वायंगण काही सुकलं नाही, गावकराचे टोकाचे दोन कुणगे, शेताचे तुकडे, तेवढे वाळले. पुढच्या दिवाळीनंतर गावकराने स्वतः बंधारा बांधताना तिचे तीन हात मोकळे सोडले. त्याला पश्चात्ताप झाला, असं सांगतात. त्याला सुंगटांच्या कालवणाची आठवण झाली असावी, असं मला वाटतं. ते काही असो, वाट राहिली. आवडी होती तोवर दर वर्षी वेणी तिनेच वळली आणि शिमग्यानंतर चौथ्या दिवशी ती वर जाऊन हाक मारून येत राहिली. ती गेल्यावर गावातल्या सासुरवाशिणी जाऊ लागल्या.

आजही बंधाऱ्याला तीन हात वाट सोडतात, वेणी त्या वर्षी गावात आलेली सून वळते, आणि वाट उघडी असेपर्यंत त्या जागी कुणी जाळं लावत नाही. आजही शिमग्यानंतर चौथ्या दिवशी बायका उंबरकोंडात जातात. आता तिथे घरं नाहीत, जोत्याचे दगड आहेत आणि कोंड आहे. हाक मारायची, थोडं थांबायचं आणि यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही बावीस जणी होतो. कुणी हसायची, कुणी शेंगदाणे आणायची. आता मुली मुंबईला असतात, त्यांचा काय दोष. गेल्या वर्षी मी एकटीच गेले. माझाही भाऊ आता नाही. हाक मारली. किती वेळ थांबायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. मी ऊन उतरेपर्यंत थांबले.