आर्चबिशप सायलस आणि खबऱ्या

समुद्रापलीकडच्या एका देशात सायलस नावाचा कोळ्याचा मुलगा होता. तो शिकला, पाळक झाला, पुढे बिशप झाला आणि शेवटी तिथल्या अँग्लिकन चर्चचा आर्चबिशप, म्हणजे साऱ्या बिशपांचा प्रमुख झाला. देशावर तेव्हा एका जुलमी सेनापतीची सत्ता होती. आर्चबिशप सायलस भर सभेत त्याला जाब विचारत. त्यापायी तुरुंगात गेले, पण वाकले नाहीत. लोक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते.

एके दिवशी सेनापती पळाला. गावोगाव ढोल वाजू लागले. त्याच दुपारी थडियस नावाचा माणूस धापा टाकत चर्चमध्ये शिरला आणि सायलसांच्या पायांशी कोसळला. तो सेनापतीचा खबऱ्या होता. त्याच्याच चुगलीमुळे सायलसांचा धाकटा भाऊ पकडला गेला होता आणि कोठडीत मेला होता.

मागोमाग जमाव आला. हातांत काठ्या, कोयते, दगड. सायलसांच्या मनात आलं, आपण नुसतं बाजूला व्हायचं. हात लावायला नको, बोलायलाही नको. त्यांचा पाय खरोखरच मागे सरला. थडियसने त्यांच्या झग्याचं टोक घट्ट धरलं होतं.

सायलसांनी झगा सोडवला. ते बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

जमावापुढे मिरियम होती, त्यांच्या मेलेल्या भावाची बायको.

"भावजी, बाजूला व्हा. लढायला तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"अन्यायाशी लढायला शिकवलं, मिरियम."

"मग माझ्या नवऱ्याला न्याय कोण देणार?"

"कोर्ट देईल. मी स्वतः याला तिथे नेतो. याच्याविरुद्ध पहिली साक्ष माझी असेल. पण आज इथे याला मारायचं असेल, तर आधी मला मारा."

एक दगड सणसणत आला. सायलसांच्या कपाळातून रक्त वाहू लागलं. ते हलले नाहीत. मिरियम त्या रक्ताकडे बघत राहिली. मग एकदम मागे वळून ओरडली, "पुरे! टाका ते दगड खाली!" आणि तीही दाराला पाठ लावून उभी राहिली.

थडियसवर खटला चालला. सायलसांनी साक्ष दिली. त्याला जन्मठेप झाली. तरीही कित्येकांनी पुन्हा सायलसांच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. रस्त्यात दिसले, तर तोंड फिरवीत. सायलसांच्या मनाला ते फार लागे. पण आपण दार अडवलं ते चुकलं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

तात्पर्य: जुलमी माणसाच्या अन्यायाविरुद्ध उभं राहणं पुरेसं नाही, आपलीच माणसं अन्याय करू लागली, तर त्यांनाही आडवं जावं लागतं.